दुसऱ्याचे दुःख गाणारा गळा

‘डेल्टा डॉन’ हे गाणे १९७२ साली तान्या टकर हिच्या आवाजात निघाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. गाण्यातली बाई एक्केचाळीस वर्षांची आहे. टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिल या लहानशा गावात ती राहते. तरुणपणी तिच्या रूपाचा बोलबाला होता. मग खालच्या थरातल्या कुणा पुरुषाने तिला लग्नाचे वचन दिले आणि तो निघून गेला. आता ती हातात बॅग घेऊन, त्या काळ्या केसांच्या पुरुषाला शोधत बाजारपेठेतून फिरते. बाप अजून तिला लहान लेकराला मारावी तशी हाक मारतो आणि गावकरी तिला वेडी ठरवून मोकळे झाले आहेत. गोष्ट एवढीच. ती सांगायला दोन कडवी पुरतात, बाकी सारा भार ध्रुपदावर आहे. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत हे गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत चढले आणि टेक्सासमधल्या सेमिनोल इथे जन्मलेली, ॲरिझोनातल्या विलकॉक्समध्ये वाढलेली ही मुलगी देशभर माहीत झाली. तेरा वर्षांच्या पोरीला असल्या बाईचे दुःख काय कळणार, हा प्रश्न तेव्हापासून या गाण्याला चिकटलेला आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक गृहीतक आहे : गाणारा जे गातो ते त्याने भोगलेले असले पाहिजे. कंट्री संगीतावरचे बरेचसे लेखन याच गृहीतकावर उभे आहे. माझे म्हणणे उलट आहे. कंट्री कथागीत हा मुळात दुसऱ्याची गोष्ट पोचवण्याचा प्रकार आहे. गायक त्यात वाहक असतो, फिर्यादी नसतो. हे ध्यानात घेतले नाही तर या परंपरेचा मोठा आणि माझ्या मते अधिक कसदार भाग हातातून निसटतो. या पुस्तकाची आखणी त्या भागाभोवती आहे.

परंपरेची सुरुवात, कंट्री संगीताचे केंद्र बनलेल्या नॅशव्हिलच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधून अठराव्या शतकात ॲपलाचियाच्या डोंगराळ भागात येऊन वसलेल्या लोकांनी आपली कथागीते बरोबर आणली. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी अशी ३०५ गीते पाठभेदांसह १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केली. त्यांचे काम मुख्यतः हस्तलिखिते आणि छापील साधनांवर चालले. पुढे सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस हे दोघे इंग्लंडहून आले, आणि १९१६ ते १९१८ या वर्षांत डोंगरातल्या घराघरांत जाऊन त्यांनी दीड हजारांहून अधिक चाली टिपल्या. त्यांना वाट दाखवणारी ऑलिव्ह डेम कॅम्बेल ही तिथे आधीपासूनच गाणी जमवत होती. तिचे नाव शार्पच्या तुलनेत फारच कमी घेतले जाते. शार्पला आपल्याच देशातली हरवलेली ठेव परदेशात सापडल्याचा आनंद होता आणि त्या आनंदात त्याने कृष्णवर्णीय गायकांकडे जवळजवळ पाठ फिरवली. कंट्री म्हणजे गोऱ्यांचे संगीत या समजुतीची एक मुळी इथे आहे. मराठी वाचकाला या संकलनयुगाची एक शाखा ओळखीची वाटेल. चाइल्डचे खंड निघत होते त्याच दशकात, १८९१ साली, मुंबईत एच. ए. ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह काढला आणि १८९४ मध्ये ॲकवर्थने त्यांतल्या काहींचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्याचे नाव आहे तोच हा ॲकवर्थ. इंग्रजी शिक्षित वर्गाला त्या काळी जगभरच्या कथागीतांची ओढ लागली होती आणि आपले पोवाडे त्याच लाटेत छापील झाले.

डोंगरातली ही गीते ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो निवेदकाचा कोरडेपणा. मुलीचा खून होतो, नदीत प्रेत टाकले जाते, आणि सांगणारा आवाज चढवत नाही की कुणाचा न्यायही करत नाही. गोष्ट मधले दुवे गाळून पुढे उडी मारते आणि नको तिथे रेंगाळते : खुनाचे कारण एका ओळीत उरकते, कपड्यावरच्या रक्ताची विचारपूस मात्र कडवेभर चालते. ‘नॉक्सव्हिल गर्ल’ हे या जातीचे ठळक उदाहरण. त्याची वंशावळ इंग्लंडमधल्या छापील पत्रकांपर्यंत जाते आणि लूव्हिन बंधूंनी १९५६ मध्ये ते भजनासारख्या निर्मळ दुहेरी स्वरात गायले. आवाज जितका निर्मळ, तितकी गोष्ट अंगावर येते. तो खून त्या बंधूंनी केला असावा असे कुणाच्या मनातही येत नाही. गायक आणि पात्र यांच्यामधले अंतर ऐकणाऱ्याने इथे निमूटपणे मान्य केलेले असते.

ध्वनिमुद्रण आले तेव्हा हे अंतर मिटले नाही, त्याला बाजार मिळाला. १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन जॉन कार्सनची तबकडी निघाली आणि ग्रामीण दक्षिणेतही गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांच्या लक्षात आले. पण पुढच्याच वर्षी ज्याच्या गाण्यांनी खपाचे आकडे फिरवले तो व्हर्नन डाल्हार्ट डोंगरातला नव्हता. तो ऑपेरेटा गाणारा, रीतसर शिकलेला टेक्सासचा गायक होता. रेल्वे अपघातावरचे ‘द रेक ऑफ द ओल्ड नाइंटी-सेव्हन’ आणि कैद्याच्या तोंडचे ‘द प्रिझनर्स साँग’ या त्याच्या गाण्यांना लाखोंचा खप मिळाला. १९२५ च्या आरंभी केंटकीतल्या एका गुहेत फ्लॉइड कॉलिन्स अडकून पडला, वर्तमानपत्रांनी त्याचे हाल देशभर पोचवले, आणि तो गेल्यावर अँड्र्यू जेनकिन्स या अंध धर्मोपदेशकाने त्याच्यावर गीत रचले. तेही डाल्हार्टने गायले. घटना घडली की गाणे तयार, हा शाहिरी धर्म आहे. तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा गायला तेव्हा तो कडा चढून गेला होता का, असे आपण विचारत नाही.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रे मांडली, आणि तिथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स असे दोन वेगळे प्रवाह एकाच पंधरवड्यात मुद्रित झाले. ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गीते गोळा करत असे. चाली ध्यानात ठेवायला त्याच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. पीअरला प्रकाशनहक्क हवे होते, म्हणून जुनी गीते थोडी बदलून नवी म्हणून नोंदली गेली. कंपन्यांनी दुकानातल्या सोयीसाठी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्यांच्या वेगळ्या मालिका पाडल्या. एकमेकांकडून शिकलेले लोक यादीच्या दोन पानांवर विभागले गेले, आणि पुढच्या पिढ्यांनी ती पाने म्हणजेच इतिहास असे मानले. बँजो हे आफ्रिकी मुळाचे वाद्य आहे, जॉन हेन्रीचे गीत कृष्णवर्णीय मजुराचे आहे, आणि ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांतला लाडका कलाकार डीफर्ड बेली हा हार्मोनिकावादक कृष्णवर्णीय होता, एवढे जरी सांगितले तरी ती विभागणी किती कृत्रिम होती ते दिसते.

युद्धोत्तर काळात कथागीताची घराणी स्पष्ट होतात. पश्चिमेच्या गुरांच्या आणि बंदुकांच्या दंतकथांचे एक घराणे. मार्टी रॉबिन्सचे १९५९ चे ‘एल पासो’ हे त्याचे शिखर. त्या काळच्या रेडिओच्या मानाने फार लांब असलेले हे गाणे प्रेयसीच्या मिठीत मरणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे. त्याच वर्षी लेफ्टी फ्रिझेलने गायलेले ‘लाँग ब्लॅक व्हेल’ आणखी पुढे जाते. त्याचा निवेदक खोट्या आरोपावरून फासावर गेलेला आहे आणि कबरीतून बोलतो आहे. डॅनी डिल आणि मॅरीजॉन विल्किन यांनी ते नॅशव्हिलमध्ये बसून लिहिले, तरी ऐकणाऱ्यांना ते शंभर वर्षांपूर्वीचे लोकगीत वाटते. मेलेला माणूस जिथे स्वतःची गोष्ट सांगतो, तिथे अनुभवाच्या खरेपणाची कसोटी लावायची कशी? दुसरे घराणे दक्षिणेतल्या घरगुती वास्तवाचे. बॉबी जेन्ट्रीच्या १९६७ च्या ‘ओड टू बिली जो’मध्ये जेवणाच्या टेबलावर चवळी, बिस्किटे पुढे सरकवता सरकवता एका मुलाच्या आत्महत्येची बातमी बोलली जाते. पुलावरून काय फेकले गेले ते गाणे कधीच सांगत नाही. टॉम टी. हॉल याच घराण्याचा, आणि डॉली पार्टनची १९७० च्या दशकातली पुष्कळ गाणीही. तिसरे घराणे निर्मात्यांचे : चेट ॲटकिन्स, ओवेन ब्रॅडली आणि त्यांच्यानंतरचा बिली शेरिल. व्हायोलिनांचा ताफा, कोरस, गुळगुळीत मुद्रण. शुद्धतावाद्यांनी या घराण्यावर कडक टीका केली. ‘डेल्टा डॉन’ इथे घडले.

गाणे लिहिले ॲलेक्स हार्वी आणि लॅरी कॉलिन्स यांनी. हार्वीने पुढे अनेकदा सांगितले की गाण्यामागे त्याची आई आहे. तो किशोरवयात असताना ती मोटार अपघातात गेली आणि त्या मृत्यूचा अपराधभाव त्याने पुष्कळ वर्षे वाहिला. म्हणजे मूळ दुःख अगदी खासगी. पण त्याने केले काय? मुलगा गाण्यातून पुसून टाकला. आईला दुसरे नाव, दुसरे वय, दुसरे प्राक्तन दिले आणि सांगण्याचे काम गावाकडे सोपवले. कडव्यांत ‘लोक म्हणतात’ या जातीचा सूर आहे आणि ध्रुपदात तेच लोक तिला एकामागून एक प्रश्न विचारतात. प्रियकराच्या खालच्या दर्जाचा उल्लेख तर थेट जुन्या ब्रिटिश कथागीतांच्या शब्दकळेतला आहे. स्वतःचे दुःख दुसऱ्याला गाता यावे म्हणून त्यातून स्वतःला वजा करणे, ही या गाण्याची खरी कारागिरी. म्हणून ते दोन वर्षांत तीन अगदी भिन्न स्त्रियांच्या गळ्यात बसू शकले. न्यूयॉर्कच्या काँटिनेंटल बाथ्समध्ये समलिंगी पुरुषांच्या श्रोतृवर्गासमोर गाऊन नाव मिळवलेली बेट मिडलर ते नाटकातल्या स्वगतासारखे संथ सुरू करून पेटवत नेते. तिच्या गाण्यात थट्टेचा विषय झालेल्या प्रत्येकाविषयीची आपुलकी ऐकू येते. ऑस्ट्रेलियन हेलन रेड्डीने १९७३ मध्ये त्याला सर्वांनी मिळून म्हणायचे रूप दिले आणि ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

मिडलरच्या तोंडून ते दूरचित्रवाणीवर ऐकूनच शेरिलने तान्यासाठी गाणे निवडले. त्याआधी त्याने तिच्यापुढे ‘द हॅपिएस्ट गर्ल इन द होल यूएसए’ ठेवले होते. सुखी संसारातल्या तरुण बायकोचे ते प्रथमपुरुषी गाणे तान्याने नाकारले. डॉना फार्गोने ते स्वतः लिहिले होते आणि तिच्याच आवाजात ते त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले. मला हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. तेरा वर्षांच्या मुलीला सुखी बायकोचे सोंग आणता आले नसते. वेड्या बाईची गोष्ट मात्र ती सांगू शकत होती, कारण गावातली मुलेच अशा बाईकडे सर्वांत टक लावून बघतात आणि मोठ्यांच्या तोंडचे बोल तसेच्या तसे पुढे पोचवतात. तिच्या मुद्रणात सुरुवातीला वाद्ये नाहीत, नुसते कंठ आहेत. शेरिलसारख्या वाद्यवृंदाच्या हौशी माणसाने तिथे हात आवरला. मुलीचा स्वर खालचा, किंचित घोगरा, लाडिकपणाचा लवलेशही नसलेला. वय विसरायला लावणारा आवाज असे त्याचे कौतुक होते. मला उलट वाटते की वय आठवत राहते म्हणूनच गाणे बोचते : विचारणारी आयुष्याच्या या टोकाला उभी आहे आणि जिला विचारले जाते आहे ती त्या टोकाला.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे कंपनीचे विक्रीतंत्र होते, एका अल्पवयीन मुलीला प्रौढ विषयांत ढकलून नवलाई विकली गेली. आक्षेपात तथ्य आहे. १९७४ मध्ये डेव्हिड ॲलन को याने लिहिलेले ‘वुड यू ले विथ मी’ हे गाणे पंधरा वर्षांच्या तान्याने गायले, ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यावर टीकाही झाली. पण तिच्या त्या वर्षांतल्या गाण्यांकडे जरा बारकाईने पाहिले तर वेगळी रेघ दिसते. ‘व्हॉट्स युअर मामाज नेम’ ही हरवलेल्या मुलीला शोधणाऱ्या माणसाची तृतीयपुरुषी गोष्ट आहे. ‘ब्लड रेड अँड गोइन डाउन’मध्ये बापाच्या हातून घडणाऱ्या खुनाची साक्षीदार लहान मुलगी आहे. विषय भयंकर, तरी दोन्ही ठिकाणी गाणारीची जागा स्पष्ट आहे : सांगणारी, पाहणारी. कोचे गाणे मुळात भावाच्या लग्नासाठी लिहिलेले सालस प्रेमगीत आहे, पण ते प्रथमपुरुषी आवाहन आहे. तिथे गोष्टीचा पडदा नाही आणि ऐकणारा थेट मुलीकडे बघू लागतो. अस्वस्थता तिथून येते. म्हणजे हा आक्षेप कथागीताच्या विरोधात जात नाही, कथागीत गायकाला कोणते संरक्षण देते ते दाखवतो. कंपनीने त्या संरक्षणाची फिकीर केली नाही, आणि हा तिच्यावरचा दोष राहतोच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कंट्री म्हणजे सच्चेपणा. हँक विल्यम्सने आपला मोडलेला संसार गायला, लोरेटा लिनने १९७० मध्ये खाणकामगाराची लेक म्हणून स्वतःचे बालपण गायले, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले ते त्यामुळेच. हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच लोरेटाने ‘यू एन्ट वुमन इनफ’ लिहिले ते रंगमंचामागे भेटलेल्या एका बाईने आपल्या नवऱ्याची कहाणी सांगितल्यावर. जॉर्ज जोन्सचे १९८० चे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ कंट्रीतले सर्वोत्तम गाणे म्हणून वारंवार निवडले जाते. ते बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिले, निर्माता पुन्हा शेरिल, आणि जोन्सला ते आधी फार मरणकळेचे वाटून आवडले नव्हते. गाणे दुसऱ्या माणसाच्या मरणाविषयी आहे. श्रोत्यांनी त्यात जोन्सचे घटस्फोट आणि दारू वाचली, ही श्रोत्यांची भर. मराठीत होनाजी बाळा, राम जोशी यांनी विरहिणीच्या तोंडी लावण्या घातल्या, त्या वेळी त्यांच्याकडून स्त्रीजन्माचा दाखला कुणी मागितला नाही. सच्चेपणा असतो तो सांगण्याच्या इमानात, पात्राला खोटे न पाडण्यात. चरित्राशी जुळणे हा त्याचा एक प्रकार आहे, एकमेव नव्हे.

आज याची चर्चा करण्याचे कारण असे की गायकाकडून आत्मकथन मागण्याची सवय कधी नव्हती इतकी वाढली आहे. गाणे आले की ते कुणावर बेतले आहे याचा तपास सुरू होतो. टेलर स्विफ्टच्या गाण्यांबाबत हे वर्षानुवर्षे चालले, आणि २०२० मध्ये तिनेच काल्पनिक पात्रांच्या कथांकडे मोर्चा वळवला, खुनाचे एक कथागीतही रचले. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्सने ट्रेसी चॅपमनचे १९८८ चे ‘फास्ट कार’ गायले तेव्हा निवेदकाचे स्त्रीपण बदलले नाही. दुकानाच्या गल्ल्यावर काम करणारी मुलगी त्याच्या गळ्यात मुलगीच राहिली. त्या गाण्यासाठी चॅपमनला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील गीताचा पुरस्कार मिळाला; तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पुढच्या वर्षी बियॉन्सेने डॉली पार्टनच्या ‘जोलीन’मधल्या विनवणी करणाऱ्या बाईला धमकावणारी केले. राल्फ पीअरच्या काळात पडलेली यादीची दोन पाने अशा गाण्यांतून पुन्हा जुळताना दिसतात, आणि जुळवणारा धागा गोष्टीचा आहे.

या पुस्तकाने डोंगरी गीतांपासून आजपर्यंतची वाट गाण्यांमागून चालत काढली आहे. गायकांची चरित्रे गरजेपुरती येतात. गीतांचे पद्यानुवाद केलेले नाहीत. कथा गद्यात सांगितली आहे आणि रचना कुठे वळते, काय गाळते, कुणाच्या तोंडून बोलते याची चिकित्सा केली आहे, कारण यमकात बसवलेल्या अनुवादाने नेमका निवेदकाचा कोरडेपणा नाहीसा होतो. मेक्सिकन सीमेवरचे कोरिदो आणि ऑस्ट्रेलियातली बुश बॅलड्स यांना इथे जागा देता आलेली नाही. अमेरिको परेदेस यांनी ग्रेगोरिओ कोर्तेसच्या कोरिदोवर १९५८ मध्ये लिहिलेले पुस्तक पाहता तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलेले नाही त्यांनी वाचायला बसण्याआधी ‘डेल्टा डॉन’ची तान्या टकर, बेट मिडलर आणि हेलन रेड्डी यांची मुद्रणे याच क्रमाने ऐकावीत आणि प्रत्येक वेळी ध्रुपदातले प्रश्न कोण विचारते आहे याकडे लक्ष द्यावे. पहिले प्रकरण त्याच प्रश्नापासून सुरू होते.